एका ओटी नोटसाठी

ऑपरेशन सोपं गेलं. दोन्ही जांघांत हर्निया होता, दुर्बिणीतून दोन्हीकडे जाळी बसवली, तिसऱ्या दिवशी घरी आलो.

अडलो ते अडीच वर्षांनी. वर्षभर प्रयत्न करूनही मूल होईना म्हणून डॉक्टरांकडे गेलो. वीर्यतपासणीत मिलिलिटरला १ कोटी १० लाख शुक्राणू निघाले, निदान १ कोटी ६० लाख तरी लागतात. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवाहिनी, म्हणजे शुक्राणू वाहून नेणारी नळी, जांघेतूनच जाते. हर्नियाच्या वेळी तिला इजा होणं क्वचितच घडतं, पण खात्री करू. ओटी नोट आणा, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय काय केलं त्याची लेखी नोंद."

माझ्या डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनबद्दल जेमतेम एक ओळ होती. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो, तर साहेब रजेवर. पुढच्या आठवड्यात फाइल गोदामात. तिसऱ्यांदा खिडकीतून विचारलं, "कशाला हवी? केस करायचीय का?" मागे रांग उभी होती. मूल होत नाही म्हणून हवी, हे मला तिथे मोठ्याने सांगावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही. माझ्याच शरीराचा कागद मागताना कारण का द्यायचं?

घरी येऊन बायकोने शोधून काढलं: डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यावे लागतात. पण रेकॉर्ड जपायचं बंधन ३ वर्षांचंच. म्हणजे माझ्या हातात सहा महिने उरले होते! चौथ्या खेपेला लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. तोंडी अजिबात मागू नका. तिसऱ्या दिवशी फोन आला.

नोटमध्ये लिहिलं होतं, दोन्हीकडची शुक्रवाहिनी ओळखून सुरक्षित ठेवली. ती ओळ मी गाडीत बसून तीनदा वाचली.

मग डॉक्टरांनी आजारपणांची चौकशी केली. तपासणीच्या दीड महिना आधी मला डेंग्यू झाला होता, आणि हे मी आधी सांगितलंच नव्हतं. कडक तापाने शुक्राणू घटतात, नवे तयार व्हायला अडीच महिने लागतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, ३ कोटी ८० लाख.

हो, नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळावं लागतं. घरून नेणार असाल तर तासाभरात, अंगाच्या उबेत धरून पोहोचवा. आणि ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर डिस्चार्जच्याच दिवशी ओटी नोटची प्रत मागून घ्या.