कानाला लागलेलं वळण

काल एक मित्र विचारत होता, "नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला की तू आधी गाणाऱ्याचा आवाजच का ऐकतोस? लोक तर बेस ऐकतात." तेव्हा उत्तर सुचलं नाही, पण आज दिवसभर तेच डोक्यात आहे.

मला वाटतं, याचं मूळ घरातल्या वॉल्व्हच्या रेडिओत आहे. बटण फिरवल्यावर वॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागायचं, मग आवाज खोलवरून वर आल्यासारखा यायचा. मीडियम वेव्हवर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं फारसं काही पोचतच नाही. झांजांची किणकिण गेली, खालचा खर्जही त्या छोट्या स्पीकरला झेपत नव्हता. जे उरलं तो मधला पट्टा, आणि माणसाचा आवाज बहुतेक तिथेच राहतो. वर्षानुवर्षं कानांनी तेवढंच टिपलं. त्यामुळे आजही एखाद्या यंत्रात गळा पातळ किंवा नाकातला वाटला, तर बाकीचं कितीही झगझगीत असो, माझं मन बसत नाही.

दुसरा धक्का मामाकडचा. त्याने एलपी, म्हणजे मोठी ध्वनिमुद्रित तबकडी, लावली, मला दोन स्पीकरच्या बरोबर समोर बसवलं आणि म्हणाला, "डोळे मीट." व्हायोलिनं डावीकडे, चेलो उजवीकडे, आणि गायिका मधोमध, जिथे नुसती भिंत होती! दोन ओळींच्या मधे तिने घेतलेला श्वाससुद्धा तिथूनच आला. मी उठून मागे तिसरा स्पीकर शोधला.

कारण पुढे वाचनातून कळलं. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज सारखाच आला, की मेंदू तो मधे ठेवतो. आवाज अगदी एका बाजूने आला तरी दोन कानांपर्यंत पोचण्यात जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि एवढ्याशा फरकावरून आपल्याला दिशा कळते! अ‍ॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्येच स्टिरिओच्या, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वेगळ्या आवाजांच्या, पेटंटसाठी अर्ज केला होता. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर, ४५ अंशांच्या कोनात, दोन चॅनल कोरायची त्याची कल्पना वाचताना मी अक्षरशः थरारलो होतो. स्टिरिओ एलपी सर्रास मिळू लागल्या त्या १९५८ पासून.

मामाकडेच कानाला दोष पकडायची सवय लागली. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटायचे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाला फक्त २० च्या आसपास. तेवढ्याच वेळातलं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं! नीट जुळवलेली चांगली सुई हा त्रास बराच कमी करते, म्हणून कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, बसवताना मी अजिबात घाई करत नाही.

पुढे सीडी आली. तिच्यातली शांतता मला मनापासून आवडली, पण तोवर कानाला जे वळण लागायचं ते लागून गेलं होतं.

तर मित्राला सांगायचं ते असं: आधी एकट्या गळ्याचं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज देणारं, ध्वनिमुद्रण लावावं. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधे, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरला किंवा एका बाजूला झुकला, तर अ‍ॅम्प्लिफायरला दोष देण्याआधी स्पीकरची अंतरं टेपने मोजावीत. माझा डावा स्पीकर सध्या कपाटाला फार चिकटलाय, रविवारी कपाट हलवायचं आहे.