तुम्ही विचारलंत म्हणून : पावसाळ्यात गोल्फचं काय करता?

लग्नाची पंगत असो नाहीतर कंपनीचं कँटीन, मी गोल्फ खेळतो हे समोरच्याला कळलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "कोल्हापुरात?" आणि मग जरा थांबून दुसरा, "मग पावसाळ्यात काय करता?" पहिल्यावर विचारणाराच हसतो आणि तो तिथंच मिटतो. दुसरा मात्र मनापासून विचारलेला असतो. परवा मेव्हण्याच्या सासऱ्यांनी जेवताना विचारला, आणि ताक येईपर्यंत माझं उत्तर अर्ध्यातच होतं. म्हणून लिहूनच काढतो.

आधी जागा सांगायला हवी. आमचं गाव करवीर तालुक्यात, समोर जोतिबाचा डोंगर. गावाच्या वरच्या अंगाला काकांचा पाचेक एकर मुरमाड माळ आहे. त्यात मी तीन होल केलेत. सगळ्यात लांबचा एकशे साठ पावलांवर. नीट मैदानावर खेळायला वर्षातून दोन-तीनदा पुण्याला जातो, बाकी सगळा गोल्फ या माळावर. नियमाप्रमाणे पिशवीत १४ क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, चालतात, माझ्याकडं सहा आहेत, तेही एका रिटायर्ड फौजी साहेबांकडून सेकंडहँड घेतलेले. फुटबॉलच्या पेठांत वाढलेले माझे मित्र याला 'एकट्यानं खेळायची विटी-दांडू' म्हणतात. मला हे नाव आवडतं.

मी शिरोलीला मशीन शॉपमध्ये तपासणीत काम करतो, त्यामुळं मापाचा किडा आहे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असावा लागतो. मी ११० चा पीव्हीसी पाइप कापून पुरला. तो बाहेरून ११०, आतून व्हर्नियरवर १०४ भरला. म्हणजे माझे होल चार मिलिमीटरनं लहान. चेंडू ४२.६७ चा, तेव्हा फार फरक पडू नये. पण काठावरून परत आलेल्या प्रत्येक पटचं, म्हणजे होलकडं घरंगळवलेल्या फटक्याचं, खापर मी त्या पाइपवरच फोडतो.

होलभोवती बारीक हिरवळ लागते, तिला ग्रीन म्हणतात. पण माळावर ती राखायची तर पाणी कुठून आणणार? पूर्वी पाण्याची वानवा असलेल्या गावांत हिरवळीऐवजी तेल पाजलेल्या वाळूचे गोल करत. ग्रीनच्या जागी ब्राउन, नावही तेच. मी नदीच्या वाळूऐवजी क्रशरची कच आणली आणि वर ट्रॅक्टरचं जळकं ऑइल शिंपडलं. पट मारायच्या आधी गोणपाटाला दोरी बांधून त्यावरून गोल ओढायचं, पायाचे ठसे पुसायला. पहिल्यांदा मला ते करताना बघून काकू म्हणाल्या, "सारवाय लागलास व्हय रं?" पुढच्या वर्षी काकांनी तेल बंद करायला लावलं, गुरं चरतात तिथं ते नको. बरोबरच होतं त्यांचं. पण तेव्हापासून पहिल्या मोठ्या पावसातच माझे ब्राउन ओघळून जातात.

तर पावसाळा. माझा पावसाळा मृगापासून धरू नका, तो वळवापासून सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर आभाळ भरून येतं, आणि उघड्या माळावर हातात लोखंडी दांडा घेऊन उभा असलेला मी एकटाच. तीन वर्षांपूर्वी असाच दुसऱ्या होलवर होतो. वारा एकदम पडला. खालून शेरडं हाकत एक म्हातारबा वर येत होते, ते लांबूनच ओरडले, "लोखंड घिऊन माळावर उभारतासा व्हय? डोस्कं फिरलंय का काय?" चेंडू होलपासून चार हातांवर होता. मी पटर टेकवून रेषा बघत होतो, एवढा एक मारतो आणि निघतो, असं मनात होतं. तेवढ्यात जोतिबाच्या अंगाला लखकन झालं आणि आवाज जवळजवळ त्याच्याबरोबरच आला. पिशवी तिथंच टाकून गाडीकडं पळालो. गाडीच्या टपावर गारा वाजायला लागल्या. म्हातारबा शेरडं घेऊन कधीच खालच्या वस्तीत पोचले होते, शहाणे. विजेची भीती वाटली तर खेळाडूनं कुणाला न विचारता खेळ थांबवावा, असं गोल्फच्या नियमांतच आहे. मला ते पाठ होतं. तरीही मी रेषा बघत होतो.

मृग लागल्यावर पहिले दोन-तीन आठवडे खेळता येतं, पण तो खेळ वेगळाच. मेमध्ये सात नंबरच्या आयर्ननं, म्हणजे लोखंडी तोंडाच्या क्लबनं, मारलं की चेंडू टणक मुरमावर आपटून चाळीस पावलं घरंगळतो. जूनमध्ये पडेल तिथंच रुततो. आपल्याच खड्ड्यात रुतलेला चेंडू दंडाशिवाय उचलून शेजारी टाकता येतो. पूर्वी ही सूट फक्त बारीक कापलेल्या गवतात होती, २०१९ पासून ती बाकीच्या बहुतेक मैदानालाही मिळाली. साचलेल्या पाण्यातूनही सूट आहे, पण ती घ्यायची म्हणजे जवळपास कोरडी जागा लागते. आर्द्रात आमच्या माळावर ती नसते.

एक गोष्ट मात्र सगळे चुकीची सांगतात. "पावसाळी हवा जड, चेंडू जात नाही." पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळं तेवढ्याच तापमानाची दमट हवा उलट किंचित हलकी भरते. चेंडू अडतो तो समोरून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यामुळं, आणि क्लबच्या तोंडावर ओलं गवत बसल्यामुळं. हे मी पंगतीत सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नव्हतं.

जून सरला की खेळ बंद. पावसामुळं नाही, गवतामुळं. काका माळाचं गवत राखतात, आणि राखलेल्या गवतात पाय टाकायचा नाही. ते कमरेएवढं वाढतं, दिवाळीच्या आसपास कापतात, गंजी घालतात आणि त्यावर उन्हाळ्यात चार म्हशी जगतात. माझ्या तीन होलांपेक्षा त्या म्हशींचा हक्क मोठा आहे, यावर आमच्यात कधी वाद झाला नाही. (एकदा झाला होता.)

मग काय करता, तर घमेलं. परड्यात दहा-बारा पावलांवर घमेलं ठेवायचं, सोप्याच्या कडेला उभं राहून वेजनं, म्हणजे चेंडू उंच उडवायच्या क्लबनं, चेंडू उचलायचा आणि त्यात टाकायचा. रोज संध्याकाळी पन्नास. घमेल्यात पडला की 'ठण्ण' होतं आणि बहुतेक वेळा चेंडू उसळून बाहेर जातो, म्हणून तळाला ओलं पोतं घालतो. आई म्हणते, शेजारची विचारतात, तुमच्यात रोज तिन्हीसांजेला भांडणं कसली होतात? माझा जवळचा खेळ जो काही सुधारला, तो त्या घमेल्यानं. पुण्यात एकानं विचारलं, कुणाकडं शिकलात? सांगायची लाज वाटली.

दोन पावसाळे असे गेले की घमेलंसुद्धा काढलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हेही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या पाव्हण्यांनी जनावरं आमच्याकडं आणली आणि माळावर बांधली. राखलेलं गवत त्या वेळी कुणी राखलं नाही. दुसऱ्या होलच्या गोलावर सात म्हशी आठ दिवस उभ्या होत्या. जमीन तिथल्या तिथं तुडवून काला झाला आणि पाइप कुठं गेला ते मला पुढं महिनाभर सापडलं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, फक्त या वेळी पाइप मी आधीच उपसून ठेवला होता.

गवत कापलं की माळ खुंटासारखा दिसतो आणि माझा हंगाम सुरू होतो. गुरं मोकळी सुटलेली असतात, त्यामुळं सगळीकडं शेण. नियमांनी शेणाला वाळलेल्या पानांच्या, सुट्या दगडांच्या पंक्तीला बसवलंय. दंड न होता बाजूला करता येतं, चेंडू हलला नाही म्हणजे झालं. माळावर मला तेही करावं लागत नाही. शेणी थापणाऱ्या मावशी माझ्या आधी पोचलेल्या असतात.

थंडीबद्दल थोडकंच. लोकांना वाटतं हाच उत्तम काळ. पण सकाळी दवानं बूट चिंब, गार चेंडू दगडासारखा, आणि गार हवा खरोखर जड, त्यामुळं नेहमीचा फटका दहा पावलं आखूड पडतो. चेंडू खिशात ठेवतो तेवढाच उबदार. मुद्दाम तापवून खेळायला मनाई आहे.

थंडीतली खरी मजा उसाची. माळाच्या डाव्या हाताला दुसऱ्याचा ऊस आहे. माझा फटका बिघडला की चेंडू डावीकडंच वळतो, म्हणजे थेट फडात. शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात, पण दहा फूट उसात पाचट बाजूला सारत कोण शिरणार? शिवाय ते कुंपणापलीकडचं, तिथून खेळताच येत नाही. तेव्हा एक फटका दंड घेऊन पुन्हा पहिल्या जागेवरून. जानेवारीत तोड आली की सगळा हिशोब बाहेर पडतो. गेल्या वर्षी बीडकडची टोळी होती. कोयता चालवता चालवता एका बाईंनी पदरात अकरा चेंडू गोळा केले आणि संध्याकाळी माझ्यासमोर पदर उघडून विचारलं, "दादा, कशाची अंडी म्हणायची ही?" चेंडू म्हटल्यावर त्यांनी एक दाताखाली धरून पाहिला. एकावर कोयत्याचा घाव होता, आतलं रबर दिसत होतं. मी पैसे देऊ केले, त्या नको म्हणाल्या. पोरासाठी दोन चेंडू मात्र ठेवून घेतले. चिरलेला चेंडू माझ्याकडं कपाटात आहे.

स्कोअर, म्हणजे एकूण किती फटके लागले, विचाराल तर वहीत लिहितो, पण आकड्याआधी महिना लिहितो. एप्रिलमधला बारा आणि जूनमधला बारा यांची तुलना मी सोडून दिली आहे. एप्रिलचा अर्धा खेळ मुरूम खेळतो. मला विचाराल तर सगळ्यात छान दिवस आर्द्रा लागायच्या आधीचे. कोवळं गवत बोटभर, मधूनच ऊन, आणि चेंडू टाकाल तिथं थांबतो. असे दिवस वर्षाला पाच-सहा मिळाले तर खूप, आणि त्यातले दोन तरी फर्स्ट शिफ्टमध्ये जातात.

आत्ता भाद्रपद चाललाय. गवत माझ्या कमरेला लागतंय. कापणी दिवाळीनंतरच, असं काकांनी सांगून टाकलंय. मी दसऱ्यापासून विचारायला सुरुवात करणार आहे.