एका गिटारखेरीज

मिल्स ब्रदर्स या अमेरिकन गायक-मेळाच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींच्या लेबलवर ब्रन्सविक कंपनी एक सूचना छापायची: या ध्वनिमुद्रणात एका गिटारखेरीज कोणतंही वाद्य किंवा यांत्रिक साधन वापरलेलं नाही. ती छापणं भागच असणार. १९३१ सालचं त्यांचं 'टायगर रॅग' लावलं की ट्रम्पेट कडाडतो, ट्रॉम्बोन घसरत येतो, खाली ट्यूबा घुमतो, आणि हे सगळं चार भावांच्या गळ्यातून येत असतं.

ओहायोतल्या पिक्वा गावच्या एका न्हाव्याची ही मुलं. जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड. वडील स्वतः चार गायकांच्या एका मेळात गायचे, त्यामुळे सुरात सूर मिसळणं घरातलंच. एका स्पर्धेत हॅरी आपला कझू, म्हणजे तोंडात धरून गुणगुणायचं छोटं वाद्य, घरी विसरला, मग तोंडाशी हाताची ओंजळ धरून त्याने ट्रम्पेटचा आवाज काढला, अशी गोष्ट सांगतात. लोक त्या ट्रम्पेटवर फिदा असतात. मी अडकले ती लेबलवरच्या त्या 'एका गिटार'वर.

पंधरा वर्षं मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांत साथीला गिटार वाजवतेय. तबला असतो, सिंथेसायझर असतो, माझं एखादं कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, चुकलं तरी बाकीचे सांभाळून घेतात. इथे सांभाळायला कुणी नाही. थोरला जॉन गिटारही वाजवायचा आणि खालचा सूरही तोच गायचा. म्हणजे ट्यूबाही तोच. हेडफोन लावून फक्त त्याच्याकडे कान दिला, तेव्हा कळलं की बाकी तिघांची वाद्यं खरी वाटतात ती याच्यामुळे. तार छेडल्याचा तो एक लाकडी, कोरडा आघात खरा आहे, म्हणून कान शेजारच्या खोट्या ट्रम्पेटवरही विश्वास ठेवतो. गिटार काढून टाका, उरतील ती सुंदर नक्कल करणारी मुलं.

१९३४ मध्ये लंडनमध्ये राजा पाचव्या जॉर्जसमोर गायलेला हा जॉन १९३६च्या जानेवारीत गेला. पंचविशीतला मुलगा! गाणं थांबवायचाच विचार होता भावांचा. मग वडील पुढे आले आणि मुलाच्या जागी उभे राहून खालचा सूर गाऊ लागले. पण गिटारचं काय? त्यासाठी बर्नार्ड अ‍ॅडिसनला घेतलं. फ्लेचर हेंडरसन, लुई आर्मस्ट्राँग अशांबरोबर वाजवून आलेला पक्का जॅझवाला. एक माणूस करत होता त्या कामाला दोन माणसं लागली, हे वाचलं त्या रात्री मी गिटार हातात घेतली नाही.

अ‍ॅडिसनचा हात निराळा. बँडमधल्या गिटारवाल्याला पितळी वाद्यांच्या गदारोळात लय टिकवायची सवय असते: मात्रेला एक फटका, आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल करून कॉर्ड मिटवायचं. तसं वाजवलं की दोन मात्रांच्या मधली जागा मोकळी राहते, आणि त्या जागेत आवाज येऊन बसतात. मी हे महिनाभर करून बघितलं. मनगट दुखलं, पण आमच्या गायिकेने तालमीत मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "आज काय केलंस गं? श्वास घ्यायला जागा मिळतेय."

१९३८ पासून गिटारवर नॉर्मन ब्राउन आला आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर राहिला. १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'पेपर डॉल' पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि बारा आठवडे तिथेच राहिलं. डोनाल्ड ते आधी संथ गातो, मग लय चढते आणि गाणं चालायला लागतं. त्या बदलापाशी मी दर वेळी गाणं मागे घेते. गळे किती अलगद लयीत उतरतात ते ऐकायचं, मग पुन्हा मागे, आणि आता फक्त तारा ऐकायच्या.