पळायचं नाही, ठोके वाढतात

‘लहान मुलं लवकर सावरतात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा माणूस ते बोलणार हे मला आधीच कळतं. बोलणाऱ्याला स्वतःलाच धीर हवा असतो, म्हणून मी वाद घालत नाही. पण माझे बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि मला खरा त्रास सुरू झाला तो तेराव्या वर्षी. मधली वर्षं मी खेळले, भांडले, चांगले मार्क मिळवले. घरच्यांना वाटलं, पोरगी निभावली.

सहा वर्षांच्या मुलाला मरण कितपत कळतं? मार्क स्पीस आणि सँडोर ब्रेंट या दोघांनी १९८४ साली तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांच्या मते बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात तीन गोष्टी उमगतात: गेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर पूर्ण थांबतं आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं. मी ऐन त्या उंबरठ्यावर होते. त्यात एका नातेवाईक बाईंनी मला मांडीवर घेऊन सांगितलं, ‘बाबा कायमचे झोपलेत गं.’ हेतू चांगलाच होता. पण मग आई झोपली की मी तिच्या नाकाशी हात धरून श्वास लागतोय का बघायचे, आणि स्वतः झोपायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा.

ते हळूहळू मागे पडलं. आठवीत विज्ञानाच्या बाईंनी आनुवंशिकता शिकवली. निम्मी गुणसूत्रं आईकडून, निम्मी वडिलांकडून. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी बेरीज केली. बाबा अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले होते, आणि त्यांचं निम्मं माझ्यात होतं.

शोक असाच टप्प्याटप्प्याने येतो. सहाव्या वर्षी जेवढं कळतं तेवढ्याचंच दुःख होतं. वय वाढलं, समज वाढली की तोच मृत्यू नव्याने समजून घ्यावा लागतो. पण तेव्हा घरातली माणसं पुढे गेलेली असतात, भेटायला येणारं कोणी उरलेलं नसतं आणि सात वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा आज दुखणाऱ्या पोटाशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मूलही सांगत नाही, कारण त्यालाच तो संबंध माहीत नसतो.

रात्री दिवे मालवले की मी गळ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून ठोके मोजायचे. मोजताना भीती वाटायची, भीतीने ठोके वाढायचे आणि वाढलेले पाहून आणखी भीती. पी.टी.च्या तासाला मी पळणं बंद केलं. पाय मुरगळलाय, पोट दुखतंय, काहीही कारण. जिनेसुद्धा सावकाश चढायचे. खेळ सुटला, वजन वाढलं, झोप उडाली, सकाळी पोट खरोखरच दुखायला लागलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी व्यायाम कर म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी माझ्यासमोरच आईला सांगितलं की हिची शाळा बुडवायची नाटकं आहेत. नाटक नव्हतं ते. मनातल्या भीतीने आतड्यांची हालचाल बदलते, वेदना जास्त जाणवते. दुखणं खरंच असतं, फक्त रिपोर्टात दिसत नाही.

दादाचं उलट होतं. तो अकरा वर्षांचा असताना ‘आता घरात तूच मोठा’ असं जो येईल त्याने त्याला सांगितलं होतं. (अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही.) सतराव्या वर्षी तो रात्र-रात्र जागायचा, गाडी अशी चालवायचा की मागे बसायला कोणी तयार नसायचं. मी हृदय जपत होते, तो उधळत होता.

माझी गाठ सोडवली ती तिसऱ्या डॉक्टरांनी. पोटावर हात ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘घरी कोण कोण असतं?’ मग बाबा कधी गेले, कशाने गेले. आईला बाहेर बसायला सांगून मला म्हणाले, ‘तुला काय वाटतं, तुला काय झालंय?’ हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. ते हसले नाहीत. ईसीजी काढला आणि कागदावरची एकेक रेघ बोट ठेवून समजावली. मग मला दवाखान्याचा जिना दोनदा पळत चढायला लावला, माझीच बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि घड्याळ समोर धरलं. ‘वाढलेत ना? आता बघत राहा, उतरतील.’ उतरले. ठोके वाढणं हे हृदयाचं काम आहे, बिघाड नाही, हे मला त्या घड्याळावर कळलं.

त्यांनी खोटा दिलासाही दिला नाही. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर पुढच्या पिढीने लक्ष ठेवायलाच हवं, असं सांगून माझं आणि दादाचं, दोघांचंही कोलेस्टेरॉल तपासून घेतलं. म्हणजे माझी भीती अगदीच हवेतली नव्हती, हे ऐकून मला उलट बरं वाटलं.

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, कधीकधी नको तेवढं. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडमधल्या सत्तर लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी आई किंवा वडील गमावलेल्यांमध्ये पुढे मृत्यूचं प्रमाण दीडपट आढळलं. हा आकडा मध्यरात्री एकटीने वाचू नये. तरुण वयात मृत्यू मुळातच विरळा; त्याच्या दीडपट म्हणजेही थोडेच.

माझ्या जास्त उपयोगाचा ठरला तो बॉस्टन परिसरातला जुना अभ्यास. विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी सत्तर कुटुंबांतल्या सव्वाशे मुलांना दोन वर्षं भेटून पाहिलं. इतर मुलांशी तुलना केली तेव्हा फरक पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाअखेर जास्त ठळक दिसला. आणि मूल कसं राहील याचा सगळ्यात मोठा अंदाज कशावरून येत होता, तर मागे राहिलेले आई किंवा वडील कसे आहेत त्यावरून. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात आयर्विन सँडलर यांच्या गटाने तर यावरच कार्यक्रम उभा केला: मुलांची सत्रं वेगळी, पालकांची वेगळी. सहा वर्षांनी पाहिलं तर त्यातल्या मुलांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाला तोंड देणारं संप्रेरक, नुसती पुस्तकं दिलेल्या गटापेक्षा जास्त होतं. दीर्घ ताणाने ही यंत्रणा मंदावू शकते. त्यांची तेवढी मंदावली नव्हती. पालकांशी बोलून मुलांच्या रक्तामांसापर्यंत काही पोचतं, हे मला फार मोठं वाटतं.

आमच्याकडे आईला कुणी विचारलंच नाही. येणारा प्रत्येक जण ‘मुलांकडे बघून उभी राहा’ म्हणायचा. बाबा गेले त्याच वर्षी घर बदललं, शाळा बदलली, ती नोकरीला लागली आणि रात्री खिडकीशी बसून राहायला लागली. बऱ्याच वर्षांनी, माझं पोटदुखीचं प्रकरण झाल्यावर, त्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने स्वतःवर उपचार घेतले. ती झोपायला लागली तशी घराला वेळ आली: जेवणाची वेळ, दिवे मालवायची वेळ. माझी झोप माझ्या ईसीजीपेक्षा त्याने जास्त सुधारली.

सगळ्याच मुलांना उपचार लागतात असं नाही. अचानक पालक गमावलेल्या मुलांवरच्या पिट्सबर्गमधल्या अभ्यासात जवळपास तीन वर्षांनंतरही तीव्र शोक तसाच राहिलेली मुलं दहात एकच्या आसपास होती. पण मूल स्वतःला इजा करत असेल, खाणं तोडत असेल, ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असं म्हणत असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

हे सगळं आज लिहायचं कारण ऑफिसातली एक मैत्रीण. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी बारा वर्षांची. वर्षभर छान होती, आता रोज डोकं दुखतं, चष्म्याचा नंबरही तपासून झाला. ‘इतक्या दिवसांनी त्याचा काय संबंध, नाही का?’ मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नकोस, वडील कधी आणि कशाने गेले ते आपणहून सांग, आणि मुलीला काय वाटतंय ते तिला एकटीला सांगू दे. मग विचारलं, ‘तुझी झोप कशी आहे?’

‘माझं राहू दे गं, मुलीचं सांग.’

‘मुलीचंच सांगतेय,’ मी म्हटलं.