तुम्ही विचारलंत म्हणून: बडोद्यात पेट्रोल स्वस्त का?

बडोद्यात राहते म्हटलं की महाराष्ट्रातली आणि इंदूरकडची माणसं हमखास विचारतात, "तुमच्याकडे पेट्रोल दहा-बारा रुपयांनी स्वस्त कसं हो? रिफायनरी दाराशी आहे म्हणून ना?" ठाण्याचा भाचा विचारतो, नाशिकची मावशी विचारते, लग्नाकार्यात नुकती ओळख झालेली माणसंही विचारतात. मी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब बघते, दिवसभर डिझेलच्या पावत्या हाताखालून जातात, त्यामुळे माझ्याकडे याचं उत्तर असणार असं सगळ्यांनी धरलेलंच आहे. उत्तर आहे, पण ते रिफायनरीचं नाही.

बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी 1965 पासून चालू आहे आणि देशातल्या मोठ्या रिफायनऱ्यांत तिची गणना होते. बाजव्याच्या बाजूला गेलात तर टँकरच्या रांगा दिसतात, आणि इतकं तेल इथेच निघतंय तर ते इथे स्वस्त मिळणारच, असं वाटणं साहजिक आहे. मग मुंबईचं काय? माहुलला एक सोडून दोन रिफायनऱ्या आहेत, 1950 च्या दशकातल्या, आणि तिथून चेंबूरचा पंप हाकेच्या अंतरावर आहे. तरी मुंबईत पेट्रोल बडोद्यापेक्षा नऊ-दहा रुपयांनी महाग. मध्य प्रदेशाची स्वतःची रिफायनरी सागर जिल्ह्यात बीन्याला 2011 पासून आहे. शिवाय मुंबईहून मनमाडमार्गे इंदूरजवळच्या मांगल्याच्या डेपोपर्यंत पाइपलाइन आहे, आणि कोयलीहून रतलामपर्यंतही आहे. म्हणजे आमच्या इथलं पेट्रोल जमिनीखालून रतलामला पोचतं आणि तिथल्या पंपावर बारा रुपयांनी महाग होऊन मिळतं. वाहतुकीला काही बारा रुपये लागत नाहीत.

फरक करतो तो राज्याचा कर. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेलं असतं आणि ते देशभर एकच. कारखान्याच्या दारातला भाव आंतरराष्ट्रीय बाजाराला बांधलेला, त्यामुळे तोही सगळीकडे जवळपास सारखा. पंपवाल्याचं कमिशन ठरलेलं. हे सगळं धरून, राज्याचा कर लागायच्या आधी, लिटरचे सोयीसाठी 80 रुपये माना. 2024-25 च्या दरांना हा आकडा बऱ्यापैकी लागू पडतो. आता गुजरात त्यावर 13.7 टक्के व्हॅट आणि 4 टक्के सेस लावतं, म्हणजे चौदा रुपयांच्या आसपास. महाराष्ट्र 25 टक्के आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे, म्हणजे पंचवीस रुपये. मध्य प्रदेश 29 टक्के, वर अडीच रुपये, वर एक टक्का सेस, म्हणजे सत्तावीसच्या घरात. बेरीज करून बघा: बडोदा 94, महाराष्ट्र 105, इंदूर 106-107. पंपावरचे बोर्डही थोड्याफार फरकाने हेच सांगत होते.

महाराष्ट्राचा तो "वरचा" रुपयांतला भाग कसा वाढत जातो, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे दोन रुपये लागले. 2017 मध्ये हायवेलगतची दारूची दुकानं बंद झाली, महसूल बुडाला, तर पेट्रोलवर आणखी तीन. 2022 च्या जुलैत पाच रुपये उतरवले तेव्हा कुठे तो भाग 5 रुपये 12 पैशांवर आला. दारूचं उत्पन्न बुडालं म्हणून स्कूटरवाल्याने भरायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. गुजरातेत तर दारूबंदीच आहे. दारूचा पैसा तिजोरीत येत नाही, तरीही इथला पेट्रोलवरचा कर या तिघांत सर्वांत कमी आहे. तेव्हा "राज्य चालवायला दुसरा मार्गच नाही" हे कोणी सांगितलं तर मी मान डोलावत नाही. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि पेट्रोल, डिझेल त्याच्या बाहेर राहिलं. राज्यांच्या हातात मनाप्रमाणे वाढवता येतील अशा ज्या थोड्या गोष्टी उरल्या, त्यांतली ही सगळ्यांत सोपी. दुकानदाराकडून कर गोळा करायला अधिकारी पाठवावे लागतात, पेट्रोलचा कर तेल कंपनीच भरून टाकते.

आता माणसं काय करतात ते.

मुंबईच्या रस्त्याला वापी ओलांडली की भिलाडच्या आसपास पंपच पंप लागतात. सुट्टी संपायच्या संध्याकाळी तिथे थांबून नंबरप्लेटी वाचा. एमएच 04, एमएच 48, एमएच 02, मधूनच एखादी जीजे. पंपावरचा मुलगा "झीरो जोई लो" (शून्य बघून घ्या) म्हणतो, नोझल लावतो, टाकी भरली की खट्‌कन कट होतं. खरी गंमत इथून पुढे. गाडीवाला खाली उतरून म्हणतो, "अजून घाल, गळ्यापर्यंत." मुलगा नोझल अर्धवट बाहेर काढून थेंब-थेंब सोडत राहतो, पुन्हा कट, पुन्हा थेंब, मीटर राउंड फिगरला येईपर्यंत. हे करू नका. आजच्या गाड्यांत टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो, काठोकाठ भरलेल्या टाकीतलं पेट्रोल त्यात शिरलं की तो खराब होतो. उन्हात पेट्रोल फुगतं, त्याला जागाही लागते. दीड लिटर जादा घातल्याने वाचतात पंधरा रुपये, आणि तो डबा बदलायचा खर्च हजारांत जातो.

कॅनमध्ये भरून डिकीत टाकणारेही पाहिलेत. हे तर अजिबात नको. बंद डिकीत, मे महिन्यात, प्लॅस्टिकच्या कॅनमधलं पेट्रोल म्हणजे वाफेने भरलेली खोली, आणि पुढच्या सीटवर मुलं बसलेली. वाचणाऱ्या शे-दोनशे रुपयांची ती किंमत नाही.

बाकी, टाकी गुजरातेत भरून जाणं मात्र शहाणपणाचं आहे, आणि मी प्रत्येकाला त्याच्या रस्त्याप्रमाणे सांगते. इंदूरला जायचं तर बडोद्यात भरू नका, दाहोदला भरा. हलोल, गोध्रा करत दाहोदपर्यंत अर्धी टाकी पुरते. दाहोदहून पिटोल, झाबुआ, धार करत इंदूर जेमतेम दोन-सव्वादोनशे किलोमीटर. सोळाचं ॲव्हरेज देणारी गाडी 35 लिटरच्या टाकीत दाहोद-इंदूर-दाहोद आरामात करते, गावात भटकायला थोडं उरतंही. इंदूरकरांनी परतताना दाहोदला टाकी फुल केली तर चारशे रुपये वाचतात. नाशिकच्या मंडळींनी वघईकडून परत जाताना घाट सुरू व्हायच्या आत भरून घ्यावं. धुळ्याकडे जाणाऱ्यांनी नवापूरच्या अलीकडे. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, तिथल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही.

दमणला वळून भरायचं का, हेही विचारतात. तिथे बडोद्यापेक्षाही दोनेक रुपये कमी असतात. 35 लिटरला सत्तर रुपये वाचले. वापीहून दमणला जाऊन हायवेला परत यायचे वीसेक किलोमीटर, म्हणजे सव्वा लिटर, म्हणजे एकशेपंधरा-वीस रुपये. दमणला दुसरं काही काम असेल तरच जा.

आमच्या ट्रकवाल्यांचं गणित वेगळं आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. ट्रकच्या टाकीत तीनशे-चारशे लिटर डिझेल मावतं, म्हणून पूर्वी ड्रायव्हरला सक्त ताकीद असायची: बॉर्डरच्या अलीकडे फुल कर, पलीकडची पावती चालणार नाही. पण डिझेलवर गुजरातेत 14.9 टक्के आणि 4 टक्के सेस, तर महाराष्ट्राने 2024 च्या जुलैत मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातला 24 टक्क्यांचा कर 21 वर आणला. फरक एवढा आटला की मुंबईत आणि बडोद्यात डिझेल दोन्हीकडे 90 च्या आसपास आलं. भिलाडला रांगेत अर्धा तास उभं राहण्यात काही राहिलं नाही. पेट्रोल स्वस्त म्हणजे डिझेलही स्वस्त, हे तिथेच चुकतं. सीएनजीत तर चित्र उलटं: महाराष्ट्राने 2022 च्या एप्रिलपासून त्यावरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्के केला, गुजरात त्याच वर्षी 15 वरून 5 वर आलं.

आणि "स्वस्त आहे म्हणजे हलकं असेल" हा समज सोडा. 2020 च्या एप्रिलपासून देशभर बीएस-6 या एकाच दर्जाचं इंधन मिळतं, गुजरातचं वेगळं नाही.

मला खरं वाईट वाटतं ते सीमेपासून लांब राहणाऱ्यांचं. भिलाडला टाकी भरणारा माणूस चारचाकीवाला असतो, फिरायला निघालेला असतो. परभणीतल्या बाइकवाल्याने कुठे जावं? परभणी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या सर्वांत महाग पेट्रोलसाठी बातमीत येत राहिली, कारण तेल मनमाडच्या डेपोतून तीनशेहून जास्त किलोमीटर टँकरने यायचं. टक्क्यांतला कर वाहतूक धरून झालेल्या किमतीवर लागतो. म्हणजे लांबून आणल्याचे पैसे द्यायचेच, आणि त्या पैशांवर पुन्हा राज्याला 25 टक्के द्यायचे. राजस्थानात श्रीगंगानगरचं हेच, 2021 च्या फेब्रुवारीत साध्या पेट्रोलने शंभरी आधी तिथे गाठली. 2024 च्या ऑक्टोबरअखेर तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतुकीच्या खर्चाची फेरमांडणी जाहीर केली, त्याने दूरच्या काही गावांना थोडा दिलासा मिळाला. पण वाहतुकीवरचा कर आहे तिथेच आहे.

पेट्रोल जीएसटीत घ्या असं मी म्हणते तेव्हा आमच्याकडचे जाणते लोक सांगतात की राज्यं सोडणार नाहीत. 2021 च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि ही त्याची वेळ नव्हे म्हणून मागे पडला, हे खरंच आहे. मग निदान एक करा. हॉटेलच्या दीडशे रुपयांच्या बिलावर सीजीएसटी वेगळा, एसजीएसटी वेगळा छापलेला असतो. पंपाच्या पावतीवर फक्त दर, लिटर आणि रक्कम. दिल्लीच्या दराची फोड इंडियन ऑइलच्या वेबसाइटवर मिळते: मूळ भाव इतका, केंद्राचा इतका, कमिशन इतकं, राज्याचा इतका. तशीच फोड परभणीच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या पावतीवर चार ओळींत छापून द्या, म्हणजे टाकी भरणाऱ्या माणसाला कुणाला प्रश्न विचारायचा ते कळेल, आणि तो कोयलीच्या रिफायनरीचा हेवा करत बसणार नाही.