कोहिमा: टेनिस कोर्ट पाहून परत फिरू नका

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, कोहिमात ब्रिटिश-भारतीय फौज आणि जपानी यांच्यात लढाई झाली, अगदी टेनिस कोर्टाच्या आरपार. आता तिथे ‘वॉर टूर’च्या नावाखाली पैसे घेतात आणि वॉर सिमेट्रीत (युद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीत) अर्धा तास फिरवून, टेनिस कोर्टाच्या सिमेंटच्या रेघांपाशी फोटो काढून परत आणतात. त्यासाठी गाडी करूच नका. सिमेट्री भर शहरात आहे, चालत जाता येतं. १४२० कबरी आणि वरच्या बाजूला ९१७ हिंदू-शीख सैनिकांच्या नावांचं दहनस्मारक आहे. ती नावं वाचायलाच तास जातो.

पण लढाई समजायची तर ज्यांनी हल्ला केला त्यांचं गणित आधी डोक्यात हवं. जपानची ३१वी डिव्हिजन मार्च १९४३ मध्ये बँकॉकला उभी राहिली आणि १९४५च्या शरणागतीबरोबर संपली. रेजिमेंट तीन: ५८, १२४, १३८. त्यातली १२४वी पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावरच्या उपासमारीतून आलेली. १५ मार्च १९४४ला या डिव्हिजनने ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडायला सुरुवात केली, तेव्हा माणसामागे तीन आठवड्यांची शिधा होती. सोबत बैल हाकले होते: आधी ओझं वाहतील, मग पोटात जातील. त्यातले कितीतरी नदीत आणि चढावरच गेले. मागून रसद जवळपास आलीच नाही. मे संपताना सेनापती सातो कोतोकू यांनी वरिष्ठ मुतागुची यांचा हुकूम मोडून माघार घेतली.

हे डोक्यात ठेवून लढाईतल्या टेकड्यांवरून (नावं लष्करी, काही तिथल्या कोठारांवरून पडलेली) दक्षिणेकडून उत्तरेला चाला: जीपीटी रिज, जेल हिल, डीआयएस, एफएसडी, कुकी पिकेट, गॅरिसन हिल. अंतर फार नाही, पण टेकड्या आता इमारतींनी भरल्यात आणि पायी चालणाऱ्याला ट्रकच्या कडेने सरकावं लागतं. लढाईचा जुना नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, नाहीतर कुठली टेकडी कुठली ते कळत नाही. सकाळी सातला निघा. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य बुडतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. एक ते दहा डिसेंबर हॉर्नबिल महोत्सव असतो, तेव्हा खोलीचं भाडं कित्येक पट होतं. ते दिवस टाळाच.

जवळचं खोनोमा गाव आणि झुकू दरी छान आहेत, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय.

जीव काढतो तो जेसामीचा रस्ता. आसाम रेजिमेंटची पहिली बटालियन जिथे मार्चअखेर जपानी डिव्हिजनला आडवी आली, ते हे गाव मणिपूरच्या हद्दीत आहे. नकाशावर कोहिमाहून एका दिवसाचं दिसतं. ‘जाऊन-येऊन संध्याकाळपर्यंत’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. वळणं, तुटलेला डांबर आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. जाताना वाटेत मुक्काम धरा, उंच चाकांची गाडी घ्या, स्टेपनी दोन ठेवा, पेट्रोल कोहिमातच भरा. पावसाळ्यात जाऊच नका. पाठीवर शिधा आणि डोंगरी तोफांचे सुटे भाग घेऊन माणसं या बाजूने कशी आली असतील, ते हा रस्ता हाडांना सांगतो.

परवाना: नागालँडला, दिमापूरलाही, इनर लाइन परमिट (बाहेरच्या भारतीयांना राज्यात शिरायचा परवाना) लागतं, ते ऑनलाइन निघतं. मणिपूरचं वेगळं काढावं लागतं. २०२३पासून तिथली परिस्थिती बिघडलेली आहे, त्यामुळे निघण्याआधी स्थानिकांकडून ताजी माहिती घ्या आणि रस्ता बंद असेल तर हट्ट धरू नका.

रस्ता खुला असेल तर इंफाळहून उख्रूलच्या बाजूला सांगशाकला जा, मराठी माणसाने तर नक्की. मार्च १९४४च्या शेवटी ५० पॅरा (छत्रीधारी सैनिकांच्या) ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन इथे लढली. काटेरी तार नव्हती, पाणी अपुरं होतं. खंदक खणायला घेतले तर तीनेक फुटांवर खडक लागायचा. २६ मार्चच्या रात्री तळ सोडावा लागला, पण ५८व्या रेजिमेंटचे दिवस इथे खर्ची पडले, आणि तिच्या पाठीवर शिधा मोजून तीन आठवड्यांचीच होती. टेकडीवर गेल्यावर कुदळीच्या खोलीएवढी माती कुठे-कुठे आहे, ते पाय रोवून बघा.