तुम्ही विचारलंत म्हणून: हीट पंप आहे तर गॅसची टाकी कशाला?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणणारं विजेवरचं यंत्र. हीट पंपवाले विचारतात, एवढा चांगला पंप बसवलास तर घरामागे ती प्रोपेनची टाकी अजून कशाला? आणि आमच्या रस्त्यावरचे जुने लोक विचारतात, टाकी आहे, त्या गॅसवर घर गरम करणारी फर्नेस आहे, सगळं व्यवस्थित चालतंय, मग तो बाहेरचा पंखा कशाला लावून घेतलास? दोघांनाही मी आजवर "असू दे, दोन्ही असलेलं बरं" एवढंच सांगत आलो. हे काही उत्तर नाही हे मलाही कळतं. परवा एकाने तोंडावर ऐकवलं, एक ना धड भाराभर चिंध्या. म्हटलं आता एकदा लिहूनच टाकतो.

आधी एक. थंडीत हीट पंप चालत नाही हे मला सांगू नका प्लीज. चालतो. मायनस २४ ला माझ्या डोळ्यांसमोर चाललाय. गारठा वाढतो तशी त्याची ताकद कमी होते, हे खरं, आणि नेमकं तेव्हाच घराला जास्त उष्णता लागते, हेही खरं. पण कमी होणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं.

दुसरं, हिशोब. एक लिटर प्रोपेन चांगल्या फर्नेसमध्ये जाळलं की घरात साधारण पावणेसात युनिट (विजेच्या मीटरवरचंच युनिट) उष्णता येते. तेवढ्याच पैशात तुमच्याकडे किती युनिट वीज मिळते ते बघा आणि पावणेसातला त्याने भागा. समजा तीन युनिट मिळतात, तर उत्तर सव्वादोन. म्हणजे एक युनिट वीज खाऊन पंप सव्वादोन युनिटपेक्षा जास्त उष्णता देतोय तोपर्यंत पंप स्वस्त, त्याच्या खाली गॅस स्वस्त. बाहेर ७-८ डिग्री असताना माझा पंप साडेतीनच्या आसपास देतो, मायनस १५ ला दोनच्या आसपास येतो. त्यामुळे हिवाळ्यातले बहुतेक दिवस पंपाचे आणि थोड्या रात्री गॅसच्या. झालं, संपला विषय, असं मला म्हणता आलं असतं.

पण खरं सांगायचं तर हा हिशोब मी नंतर केला. फर्नेस ठेवली ती आधीपासून तिथे होती म्हणून, आणि पंपाची कॉइल, म्हणजे घरात उष्णता सोडणारी नळ्यांची गुंडाळी, तिच्याच डोक्यावर बसते म्हणून. आणि पहिल्या वर्षी मी फार शहाणा होतो. भेटेल त्याला सांगायचो, गॅस आता फक्त बॅकअपला. गॅसवाल्यांची आपोआप येणारी डिलिव्हरी मी स्वतः फोन करून बंद केली, लागेल तेव्हा सांगतो म्हटलं. तो फोन ठेवताना मला भारी वाटलं होतं हे अजून आठवतंय.

मग ती रात्र. आई आलेली होती, महिनाभरासाठी. रात्री तीनला तिने दारावर टकटक केली, "अरे, त्या जाळीतनं गार वारा येतोय." खोलीत गरम हवा जिथून येते ती जाळी. मी म्हटलं येत असेल थोडा वेळ, झोप तू. पण बाहेर आलो तर थर्मोस्टॅटवर "हीटिंग" लिहिलेलं आणि घर १३ डिग्री. खाली तळघरात गेलो. फर्नेसचा छोटा पंखा घरघरला, इग्नायटर नारिंगी झाला, फुस्स करून ज्योत आली, चार-पाच सेकंद राहिली आणि गेली. परत तेच. तिसऱ्यांदा तेच, आणि मग सगळं गप्प, नुसता एक लाल दिवा ठरावीक उघडझाप करत बसला. मी तिथे लोकरीची टोपी घालून उभा आणि तो दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजतोय, दर वेळी वेगळा आकडा.

टॉर्च घेऊन टाकीपाशी गेलो. झाकणावरचा बर्फ हातानेच काढला, गेज ८ टक्के. म्हटलं चला, गॅस तर आहे, म्हणजे फर्नेसच बिघडलीय. आणि मग अर्धा तास मी काहीही न बिघडलेल्या फर्नेसशी झटत बसलो, बटण बंद कर, चालू कर, फिल्टर काढ, हवेच्या पाइपात बर्फ अडकलाय का बघ. खरं काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. प्रोपेन मायनस ४२ ला उकळतं, म्हणून मायनस २४ ला ते वाफ होतंच, पण त्या वाफेसाठी लागणारी उष्णता टाकीच्या ओल्या पत्र्यातून, म्हणजे आतून द्रव प्रोपेन टेकलेलं असतं तेवढ्या भागातून, बाहेरच्या हवेकडूनच यायची असते. टाकी तळाला गेली की ओला पत्रा उरतो थोडासा, हवा इतकी गार की तिच्याकडे द्यायला काही नाही, आणि फर्नेस मागतेय भसाभस. दाब बसतो. गॅस आहे आणि नाही.

आता तुम्ही विचाराल, पंप काय करत होता? पंप बंद होता. म्हणजे बिघडलेला नाही, बंद ठेवलेला. कॉइल फर्नेसच्या वर असल्यामुळे दोन्ही एका वेळी चालवत नाहीत, बाहेरचं तापमान एका आकड्याखाली गेलं की थर्मोस्टॅट पंपाला थांबवतो आणि फर्नेस लावतो. तो आकडा बसवणाऱ्याने ठेवला होता अधिक ४. अधिक! मी पूर्ण हिवाळाभर लोकांना सांगत फिरत होतो की माझं घर पंपावर गरम होतं, आणि रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत गुपचूप गॅस जळत होता. टाकी म्हणून तळाला गेली. गेज मी बघितलंच नव्हतं, कारण पंप आहे ना.

तो आकडा बदलायला इन्स्टॉलरच्या मेनूत शिरावं लागतं, त्याला कोड लागतो, आणि कोड त्या पुस्तिकेत ज्यावर मी दोन महिने एक डबा ठेवलेला. साडेचारला पंप चालू झाला तेव्हा घर ११ वर होतं. जाळीतून येणारी हवा हाताला गरम लागत नाही, पंपाची हवा तशीही फर्नेसइतकी गरम नसते, पण येत होती. आणि मग डीफ्रॉस्ट. बाहेरच्या कॉइलवर दव गोठतं, ते वितळवायला पंप काही मिनिटं उलटा चालतो आणि घरातली उष्णता बाहेर नेतो. एरवी त्या वेळात फर्नेस लागते म्हणून कळतही नाही. त्या दिवशी फर्नेस नव्हतीच. दर थोड्या वेळाने जाळीतून पाच मिनिटं थंडगार हवा, आणि आई तीन रजया घेऊन सोफ्यावर, काही न बोलता माझ्याकडे बघतेय. ती बोलली असती तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत १४ डिग्री झाले, त्याच्यावर गेलं नाही. स्वयंपाकघरातला बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठला. टँकर दीड दिवस आला नाही, रस्त्यावरचा बर्फच काढलेला नव्हता. आला तेव्हाही नुसती टाकी भरून भागत नाही, गॅस खंडित झाला की आधी सगळ्या लाइनची गळती तपासायची, मग फर्नेस. ते करणारा माणूस आणखी चार तासांनी.

ही गोष्ट मी पंपवाल्यांना सांगितली की ते खूश. बघ, पंपानेच वाचवलं. जुन्या लोकांना सांगितली की तेही खूश. बघ, गॅस संपला की काय होतं, डिलिव्हरी बंद करायलाच नको होती. दोघंही बरोबर आहेत आणि दोघांचाही मला राग येतो. १४ डिग्रीला वाचवणं म्हणत असाल तर तुमच्या आईला दीड दिवस १४ डिग्रीत बसवून बघा. पण पंप नसता तर ५-६ झाले असते हेही मी नाकारत नाही.

मग मोठाच पंप का नाही घेत, आणि मदतीला विजेची हीटिंग कॉइल, टाकी काढून टाक, असं मला माझाच भाऊ सांगतो. मी दोनदा कागद-पेन घेऊन बसलोय. हिशोबात बसतं. पण आमच्याकडची वीज लांबून तारांवरून, झाडांमधून येते, आणि ती जाते. त्यावर भाऊ म्हणतो, वीज गेल्यावर तुझी फर्नेस तरी कुठे चालते, तिचाही पंखा विजेवरच ना? बरोबर. पुढच्याच हिवाळ्यात वीज १९ तास नव्हती, टाकी ७० टक्के भरलेली, आणि आम्ही परत रजयांत. म्हणजे ज्या भीतीपोटी टाकी ठेवली तिच्यावर टाकीचाही उपाय नव्हता. तेव्हा भिंतीवरचा छोटा प्रोपेन हीटर घेतला, वीज न लागणारा, पायलटच्या ज्योतीवर स्वतःपुरती वीज करून घेतो. त्याच्यासाठी जमिनीलगत गॅसचा अलार्म, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून, आणि झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. म्हणजे आता दोन नाही, तीन गोष्टी आहेत. चिंध्या म्हणणाऱ्याला हे अजून माहीत नाही.

कधीकधी वाटतं मी घर गरम करत नसून त्या एका रात्रीचा हप्ता भरतोय. बायकोला असं म्हणालो तर ती म्हणाली, मग हप्ता थोडा कमी कर, तो आकडा मायनस १८ वर ने, पंप झेपवतो ते तू स्वतः बघितलंयस. तिचं खरं आहे. सध्या तो मायनस १२ वर आहे. गेल्या आठवड्यात मी १५ केला होता, रात्री अकराला उठून परत १२ केला, आणि तसाच टॉर्च घेऊन गेज बघून आलो. ६२ टक्के.